जुनं म्हणजे किती जुनं? दुर्मीळ पुस्तकवाल्याचं भिंग आणि आपला मोबाईल

पॉडकास्टच्या या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलताना आलेले 'अं' आणि मागून वाजलेले रिक्षाचे हॉर्न काढलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय. बसमध्ये हेडफोन विसरलात म्हणून वाचत असाल, तर तुमचं विशेष स्वागत.

आजचा विषय आहे जुनी, दुर्मीळ, विचित्र छापील चीजवस्तू विकणारी माणसं. ती नेमकं काय करतात? एखादी गोष्ट खरंच जुनी आहे की नाही, हे त्यांना कसं कळतं? आणि त्यातलं आपल्याला घरबसल्या काय करता येईल? सुरुवात मात्र माझ्या एका मूर्खपणापासून करावी लागणार आहे.

[००:४५] साडेआठ हजारांची लक्ष्मी

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांना काहीतरी खास द्यायचं होतं. त्यांच्या लहानपणीच्या घरात, देवघराच्या वर, रवि वर्मा छापाची लक्ष्मी टांगलेली असायची. कमळावर उभी, मागे हत्ती. ते घर गेलं, वाटण्या झाल्या आणि ती तसबीर कुणाकडे गेली ते कुणालाच आठवत नाही. बाबा अजूनही कधीतरी तिचा विषय काढतात.

मला ऑनलाइन एक सापडली. 'ओरिजिनल, सुमारे १९१०' असं लिहिलेलं, जुनी लाकडी चौकट, कडेला पिवळट डाग. साडेआठ हजार रुपये. दोन महिने बाहेरचं खाणं बंद करून घेतली. बाबांनी ती हॉलमध्ये लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागले, "लेकीने शोधून आणली. शंभर वर्षं जुनी आहे."

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी या भागासाठी मी पुण्यात एका जुन्या पुस्तकवाल्या काकांना भेटायला गेले. नाव घेऊ नको म्हणाले, म्हणून घेत नाही. "नाव घेतलंस की लोक फोन करतात, शंभर वर्षांची पोथी आहे, किती लाख देता?" दुकान म्हणजे पेठेतल्या एका वाड्यात तळमजल्यावर दोन खोल्या. पाटी नाही. गप्पांच्या ओघात मी फुशारकीने त्यांना लक्ष्मीचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "फोटोवरून मी बोलत नाही. घेऊन ये."

[०३:१०] ठिपके

पुढच्या रविवारी "काच जरा साफ करून आणते" असं बाबांना सांगून तसबीर घेऊन गेले. काकांनी चित्राकडे पाहिलंच नाही म्हणा ना! आधी मागची बाजू, खिळे, पुठ्ठा. मग चित्र चौकटीतून सोडवलं, लक्ष्मीच्या गालावर दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवलं आणि मला म्हणाले, "बघ. काय दिसतंय?"

ठिपके दिसत होते. निळे, किरमिजी, पिवळे, काळे. अगदी शिस्तीत, ओळीने, छोट्या छोट्या फुलांसारखे गोल करून बसलेले.

"झालं तर मग," काका म्हणाले. "चौकट जुनी आहे. चित्र तुझ्यापेक्षा लहान असेल."

हे कसं, ते समजून घेऊया, कारण इथूनच सगळा विषय उलगडतो.

रवि वर्मा प्रेस १८९४ साली मुंबईत सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे फ्रिट्झ श्लायखर हा जर्मन तंत्रज्ञ होता, पुढे तोच प्रेसचा मालक झाला. १९७२ साली प्रेसला आग लागली आणि बरंच काही जळालं. तिथली जुनी चित्रं शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली. एका खास चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं. दगड ओला केला की पाणी रिकाम्या जागेवर राहतं आणि छपाईची शाई फक्त तेलकट भागाला चिकटते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड. गालाचा फिकट गुलाबी वेगळा, साडीचा लाल वेगळा, कमळाचा हिरवा वेगळा. आणि छटा आणायला दगडावर हाताने ठिपके मारायचे. हातच तो, त्यामुळे एक ठिपका मोठा, एक बारका, कुठे दाट, कुठे विरळ.

आजच्या ऑफसेट छपाईत मुख्यतः चारच शाया असतात आणि यंत्र त्यांचे ठिपके आखीव जाळीत बसवतं. लग्नपत्रिका, कॅलेंडर, मासिक, काहीही भिंगाखाली धरा, तीच फुलं दिसतील. माझ्या लक्ष्मीच्या गालावरही तीच होती. खाली 'रवि वर्मा प्रेस' असं छापलेलं होतं, पण ते नावही त्याच ठिपक्यांचं बनलेलं. कुणीतरी मूळ चित्राचा फोटो काढून नव्या यंत्रावर छापलं आणि जुन्या चौकटीत बसवलं.

मंडळी, ही तपासणी तुम्ही आत्ता करू शकता. मोबाईलमध्ये मॅक्रो मोड असेल तर तो चालू करा, नसेल तर दोन-तीनशे रुपयांचं भिंग घ्या आणि त्यातून फोटो काढा. फक्त एक लक्षात ठेवा. आखीव जाळी दिसली तर ते जुना शिळाछाप नाही, हे नक्की. पण जाळी दिसली नाही म्हणून ते जुनंच आहे, असं नाही. आजचे चांगले प्रिंटर इतके बारीक आणि विखुरलेले ठिपके टाकतात की भिंगही फसतं. म्हणजे ही परीक्षा 'नापास' खात्रीने सांगते, 'पास' नाही.

[०६:००] हे कोण विकत घेतं?

मी गप्प बसले होते. काकांनी चहा मागवला आणि विषय बदलावा म्हणून असेल, पण मला त्यांचा माल दाखवायला लागले.

मला वाटलं होतं, चामड्याच्या बांधणीतली जाडजूड पुस्तकं निघतील. निघालं काय, तर कापडाच्या दुकानाची जुनी दरपत्रकं. नाटकाच्या हस्तपत्रिका. सिनेमाच्या थिएटरबाहेर विकायचे त्या गाण्यांच्या चोपड्या. काडेपेटीवरची लेबलं. पंचांगं. केसांच्या तेलाच्या जाहिराती. आणि एका फोल्डरमध्ये टाइप ओतणाऱ्या कारखान्याच्या नमुन्याची काही सुटी पानं. पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर छापत. हे खिळे कुठल्या आकारात, कुठल्या वळणात मिळतात, ते दाखवणारी ही पानं. गोष्ट नाही, कविता नाही, एकच वाक्य लहान-मोठ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा.

"हे कोण विकत घेतं?" मी विचारलं.

"हेच विचारतात सगळे," काका म्हणाले. "लंडनलाही विचारत होते." आणि त्यांनी मला जी गोष्ट सांगितली, ती मी घरी येऊन वाचून काढली. आता ती तुम्हाला सांगते. या धंद्यातली ही बहुधा सगळ्यांत गाजलेली भानगड आहे.

[०७:३०] लंडनचे दोन पोरगे आणि एक मोठा माणूस

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये थॉमस जे. वाइज नावाचं बडं प्रस्थ होतं. नोकरी सुगंधी तेलांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत, पण खरा जीव पुस्तकांत. त्याचा स्वतःचा संग्रह, ॲशली लायब्ररी, प्रसिद्ध होता. मोठमोठ्या कवींच्या पुस्तकांच्या तपशीलवार सूच्या त्याने तयार केल्या होत्या. कुठलं पुस्तक कधी निघालं, किती पानांचं, पहिली आवृत्ती कुठली, यावर वाद झाला की वाइजची सूची उघडायची. ग्रंथसूचीच्या क्षेत्रातल्या तिथल्या प्रमुख संस्थेचा तो अध्यक्षही झाला होता. थोडक्यात, वाइज म्हणेल ती पूर्व दिशा.

त्याच काळात बाजारात काही छोट्या पुस्तिका फिरत होत्या. पातळ, पंधरा-वीस ते पन्नास पानांच्या, नामवंत लेखकांच्या. त्यांतली सगळ्यांत मौल्यवान होती एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या प्रेमकवितांची. या कवितांना आपण सुनीतं म्हणू. सगळ्यांना ठाऊक होतं की ही सुनीतं १८५० साली तिच्या कवितासंग्रहात पहिल्यांदा छापली गेली. पण या पुस्तिकेवर लिहिलं होतं, रेडिंग, १८४७, प्रकाशनासाठी नाही. म्हणजे त्याही आधीची, खाजगीत छापलेली प्रत! पहिल्याच्याही आधीची पहिली. श्रीमंत अमेरिकन संग्राहक त्यावर तुटून पडायचे.

आता आपले दोन नायक. जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड. दोघेही लंडनमध्ये जुन्या पुस्तकांच्या धंद्यात, दोघेही तेव्हा तिशीच्या आसपास. पोलार्ड बिरेल अँड गार्नेट नावाच्या दुकानात भागीदार होता. या दुकानाने १९२८ साली एक विक्रीसूची काढली होती. कशाची, सांगा? टाइप ओतणाऱ्यांच्या नमुन्यांची! काकांच्या फोल्डरमध्ये होती ना, तसलीच पानं आणि पुस्तकं. लोकांच्या दृष्टीने निव्वळ रद्दी. पण त्यात रमल्यामुळे पोलार्डला एक विचित्र विद्या येत होती. छापलेलं अक्षर बघून ते साधारण कुठल्या काळातलं, हे त्याला ओळखता यायचं.

दोघांना संशय आला तो साध्या निरीक्षणावरून. या १८४७ च्या पुस्तिकेच्या प्रती सगळ्या कोऱ्या करकरीत. एकीवरही कवयित्रीची सही नाही, कुणा मैत्रिणीला 'सप्रेम भेट' नाही, त्या काळच्या कुणा मालकाचं नाव नाही. खाजगीत, जवळच्या माणसांसाठी छापलेली पुस्तिका, आणि जवळच्या एकाही माणसाच्या हातात पोचल्याची खूण नाही? शिवाय या पुस्तिकेचं मूळ सांगणारी जी कहाणी प्रचलित होती, तिच्यात कवयित्रीने १८४७ मध्ये पिसा गावी नवऱ्याला या कविता पहिल्यांदा दाखवल्या असं होतं. पण ब्राउनिंग कुटुंबाच्या पत्रांतून कळत होतं की त्याने त्या पाहिल्या १८४९ मध्ये. आधी छापल्या आणि नंतर नवऱ्याला दाखवल्या?

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. समोर वाइजसारखा माणूस असेल तर मुळीच नाही. मग त्यांनी लेखकाचं नाव बाजूला ठेवलं, तारीख बाजूला ठेवली आणि वस्तूलाच प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न कागदाला. जुना कागद चिंध्यांपासून बनायचा. इंग्लंडमध्ये १८६१ च्या सुमारास एस्पार्टो नावाच्या गवतापासून कागद बनायला लागला आणि लाकडाचा रासायनिक लगदा त्याच्याही नंतर आला. त्यांनी कागदाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतला. '१८४७' च्या पुस्तिकेत निघाला लाकडाचा रासायनिक लगदा. दोघांच्या हिशेबाने असा कागद १८७४ च्या आधीचा असूच शकत नव्हता.

दुसरा प्रश्न अक्षरांना. इंग्रजीतलं छोटं 'एफ' डोळ्यांसमोर आणा. त्याचा वरचा बाक पुढे झुकतो. जुन्या खिळ्यांत हा बाक खिळ्याच्या बाहेर लोंबायचा आणि छापताना मोडायचा. 'जे'च्या शेपटीचं तसंच. म्हणून पुढे बाक आखडून घेतलेले, खिळ्याच्या आत मावणारे 'एफ' आणि 'जे' आले. पुस्तिकेत नेमके तेच होते, आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्नचिन्ह, जे त्या टाइपाचं मूळचं नव्हतंच, दुसऱ्या टाइपातून येऊन बसलेलं. हे मिश्रण इतकं खास होतं की ते वापरणारा छापखाना सापडणं शक्य होतं. आणि तो सापडला कुठे, तर वाइजनेच १८९३ साली उघडपणे, छापखान्याचं नाव घालून छापून घेतलेल्या एका जुन्या कवितेच्या प्रतिकृतीत! तेच 'एफ', तेच 'जे', तेच उपरं प्रश्नचिन्ह. छापखाना रिचर्ड क्ले अँड सन्स.

तर १८४७ ची म्हणून विकली गेलेली पुस्तिका १८८० नंतरच्या टाइपात छापलेली होती. कवयित्री वारली १८६१ मध्ये. आता बोला!

दोघांनी अशा पन्नासच्या आसपास पुस्तिका तपासल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा बनावट ठरल्या. पण मग छापून घेणारा कोण? छापखान्यात तेवढ्या जुन्या नोंदी उरल्या नव्हत्या. शेवटी हर्बर्ट गॉर्फिन नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे या पुस्तिकांचा मोठा साठा निघाला. हा पूर्वी वाइजच्या ऑफिसातला पोऱ्या होता आणि त्याने माल कुठून आला ते सांगितलं. वाइजकडून.

युक्ती बघा कशी होती. वाइजने नकली नोट छापली नाही, कारण नकली नोट खऱ्या नोटेशी ताडून पाहता येते. त्याने अशी वस्तू बनवली जी खऱ्या जगात कधी नव्हतीच. कविता खरी, फक्त तारीख मागची. ताडून बघायला मूळ प्रतच नाही! मग एक प्रत ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाऊ द्यायची, म्हणजे तिथल्या सूचीत नोंद होते. एक नोंद स्वतःच्या सूचीत करायची. आता गिऱ्हाइकाने शंका घेतली तर दोन मोठी नावं दाखवता येतात.

१९३४ मध्ये कार्टर आणि पोलार्डने पुस्तक काढून हे सगळं मांडलं. गंमत म्हणजे वाइज बनावटखोर आहे, असं त्यांनी त्यात थेट कुठेच म्हटलं नाही. पुरावे एकापुढे एक ठेवले आणि थांबले. वाइजने कबुली कधीच दिली नाही. तो १९३७ मध्ये वारला. त्याच्या जोडीला हॅरी बक्स्टन फोर्मन हा दुसरा नामवंत अभ्यासकही होता, हे नंतर सिद्ध झालं. आणि १९५० च्या दशकात आणखी एक गोष्ट उघड झाली. ब्रिटिश म्युझियममधल्या जुन्या नाटकांच्या प्रतींतून दोनशेहून जास्त पानं फाडली गेली होती. त्यांतली बरीच पानं सापडली वाइजच्या स्वतःच्या प्रतींत आणि त्याने एका अमेरिकन संग्राहकाला विकलेल्या प्रतींत.

[१५:२०] सर्वांत तरुण भाग

काकांनी गोष्ट संपवली आणि म्हणाले, "ह्यातून एकच नियम घे. कुठलीही वस्तू तिच्यातल्या सर्वांत तरुण भागापेक्षा म्हातारी असू शकत नाही."

चौकट १९१० ची, खिळे १९१० चे, पुठ्ठा १९१० चा, पण ठिपके आत्ताचे? मग ते चित्र आत्ताचं. मजकूर १८४७ चा, पण कागद १८७४ नंतरचा? मग पुस्तिका १८७४ नंतरची. बाकी कितीही पुरावे जुने असोत, सगळ्यांत नवा पुरावा निकाल देतो.

आता हा नियम आपल्या मराठी छापील मालाला लावू. काकांनी मला सांगितलेल्या आणि मी पडताळून घेतलेल्या या खुणा. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पिनकोड. सहा अंकी पिन १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पत्त्यात पिन असेल तर ती छपाई त्याच्या नंतरची.

पैसे. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. किंमत 'नवे पैसे' अशी असेल तर त्यानंतरची. १ जून १९६४ पासून 'नवे' हा शब्द गेला आणि नुसते पैसे राहिले. आण्यांत किंमत असेल तर मजकूर बहुधा १९५७ च्या आधीचा किंवा त्या बदलाच्या आसपासचा.

राज्य. 'महाराष्ट्र राज्य' असा उल्लेख असेल तर १ मे १९६० किंवा त्यानंतरचा, कारण त्याआधी होतं मुंबई राज्य.

आयएसबीएन. हा क्रमांक तेरा अंकी असेल आणि ९७८ ने सुरू होत असेल, तर पुस्तक साधारण २००७ च्या सुमारास किंवा नंतर छापलेलं.

अनुस्वार. 'नांव', 'घरें', 'त्यानें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार दिसले तर लेखन जुन्या वळणाचं. नवे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. पण काही लेखक-प्रकाशकांनी जुनं वळण नंतरही सोडलं नाही, म्हणून ही खूण जरा सैल धरा.

शके. जुन्या पुस्तकावर 'शके १८००' दिसलं तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे १८७८. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या काळात ७९.

आणि शेवटची, मुद्रक-प्रकाशकाची ओळ. १८६७ च्या कायद्याने छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण घालणं बंधनकारक झालं. पुस्तक हातात आलं की आपण शीर्षक वाचतो. काका पहिल्यांदा ही बारकी ओळ वाचतात.

इथे एक सापळा आहे. समजा एका पुस्तकावर किंमत आठ आणे आहे, अनुस्वार जुने आहेत, पण मागच्या पानावर वितरकाच्या पत्त्यात पिनकोड आहे. निकाल काय? १९७२ नंतरचं पुनर्मुद्रण. जुनी पानं फोटो काढून जशीच्या तशी छापता येतात, त्यामुळे जुन्या खुणा फुकट मिळतात. पण १९५० साली कुणालाही पिनकोड छापता आला नसता. जुनी खूण नक्कल करता येते. भविष्यातली खूण कुणालाच आणता येत नाही.

[१८:४०] मग किंमत कशाला?

"जुनं आहे हे कळलं, की महाग?" मी विचारलं. काका हसले. जुनं आणि महाग यांचा संबंध फार थोडा, म्हणाले. लाखोंनी छापलेली धार्मिक पुस्तकं शंभर वर्षांची असली तरी ढिगाने मिळतात. किंमत ठरते तीन-चार गोष्टींवरून. किती प्रती उरल्या असतील, ती कुणाला हवी आहे, सगळी पानं आहेत का, आणि अवस्था कशी आहे.

म्हणूनच ते प्रत्येक पुस्तकाचं पान न् पान मोजतात. चित्रं, नकाशे, शेवटच्या जाहिराती, सगळं. जाहिराती कशाला? कारण त्यांत दुसऱ्या पुस्तकांची नावं आणि किमती असतात, आणि त्यावरून हे पुस्तक कधीचं ते कळतं.

आणि इथे मला त्या दरपत्रकांचं, चोपड्यांचं, टाइपच्या नमुन्यांचं कोडं सुटलं. मोठी पुस्तकं ग्रंथालयात जपली जातात. पण कुठलं अक्षर कधी आलं, कुठला छापखाना कुठल्या गल्लीत होता, कापडाचा भाव काय होता, हे सांगतो तो असला किरकोळ कागद. तो कुणी जपत नाही, कारण तो जपण्यासाठी छापलेलाच नसतो. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर सुरू केला. त्यांचे देवनागरी टाइप देशभर नावाजले. त्या छापखान्याची पुस्तकं तुम्हाला आजही मिळतील. पण तेव्हाच्या छापखान्यांची बिलं, नमुन्याची पानं, गिऱ्हाइकाला पाठवलेली पत्रकं? ती किलोच्या भावाने गेली. उद्या कुणी खोटी वस्तू पुढे केली, तर ती ताडून बघायचं साधनच आपण रद्दीत घातलेलं असेल.

[२१:००] घरात काय सापडलं तर

रद्दीवाल्याला हाक मारायच्या आधी एवढं करा. सेलोटेप लावू नका, काही वर्षांनी तो पिवळा पडतो आणि कागद घेऊन निघतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत काढता येत नाही. पुढून-मागून, नैसर्गिक उजेडात फोटो काढा. कुणाचं, कुठून आलं, हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा. ही माहिती एकदा गेली की गेली. आणि विकत घेत असाल तर 'ओरिजिनल' हा शब्द ऐकून खिशात हात घालू नका. कशावरून, हे विचारा. खऱ्या जाणकाराला हा प्रश्न आवडतो. ज्याला राग येतो, त्याच्याकडून घेऊ नका. मी विचारला नव्हता. विकणाऱ्याला नंतर मेसेज केला, तर परत घ्यायची मुदत संपली होती.

[२२:१५] बाबा

तसबीर घेऊन घरी आले. दोन दिवस बोलले नाही. परत भिंतीवर लावली, बाबा खूश. तिसऱ्या दिवशी शेजारचे काका आले आणि बाबांनी पुन्हा सुरू केलं, "शंभर वर्षं जुनी..." मला ऐकवेना. ते गेल्यावर मी भिंग आणलं आणि बाबांना गाल दाखवला. सगळं सांगितलं.

बाबा बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मला वाटलं, रागावणार. म्हणाले, "किती घेतले?" मी खरा आकडा सांगितला. "फार घेतले," एवढंच म्हणाले आणि उठून आत गेले.

आले ते माळ्यावरचा एक पत्र्याचा डबा घेऊन. आत तिकिटं! यंत्र यायच्या आधीची, छापील, ट्रेमध्ये गठ्ठ्याने लावून चिमट्याने पंच करून द्यायची ती. उरलेले तुकडे, फाटलेले गठ्ठे, जुनी वेळापत्रकं, भाड्याचे तक्ते. आई दर दिवाळीला फेकायला निघायची आणि बाबा लपवून ठेवायचे. त्यांनी एक तिकीट उचललं, त्यावरचं भाडं वाचलं आणि सांगितलं, "हे भाडेवाढीनंतरचं. त्याआधी ह्या किमतीचं तिकीटच नव्हतं." दुसरं उचललं, तसंच. पोलार्डने अक्षरांवरून जे केलं, ते बाबा भाड्यावरून करत होते, आणि मला घरात राहून हे माहीत नव्हतं.

डबा मी काकांकडे नेला. या वेळी बाबाही आले. काकांनी एकेक तिकीट चिमट्याने उचलून पाहिलं. मी विचारलं, काय किंमत येईल? "आत्ता फारशी नाही," काका म्हणाले, "आणि मी घेणारही नाही. आधी साहेबांना घेऊन बस आणि कुठलं तिकीट कधीचं, कुठल्या रूटचं, लिहून घे. ते लिहिल्याशिवाय हे नुसते कागद आहेत."

तर सध्या रविवारी आमचं तेच चालू आहे. बाबा सांगतात, मी लिहिते आणि फोटो काढते. आत्तापर्यंत साठ झालीत. लक्ष्मी हॉलमध्येच आहे. पाहुण्यांना बाबा आता सांगतात, "नवीच आहे, चौकट तेवढी जुनी," आणि भिंग हातात देतात.

तुमच्या घरात असा डबा असेल तर आधी तो ज्याचा आहे त्याच्याशेजारी बसा. मग फोटो काढा आणि आम्हाला पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर रद्दीवाल्याला जरा थांबायला सांगा!